शंखावरचा चिखल

हे कुणाला सांगू नको, असं बदकिणीने मला बजावलं होतं. पूर्वी सगळीच बदकं बोलायची. आता आमची एकटीच बोलते.

बाजारातलं खाद्य महागलं, म्हणून आई तळ्यावरून गोगलगायी वेचून आणते आणि कोंड्यात मिसळते. बदकं तुटून पडतात. बदकिणीने मात्र परवा एक गोगलगाय अलगद खाली ठेवली. तिच्या शंखावर चिखल होता. ज्या तळ्याकाठी आपण जन्मलो, तिथलाच हा चिखल, हे बदकिणीने ओळखलं.

"मला तिकडची वाट दाखवशील?" तिने विचारलं.

"दाखवीन. पण मी फार हळू चालते गं."

"चालेल. मी थांबत थांबत येईन."

आज दोघी परसाच्या कुंपणापाशी अडल्या होत्या. आईला सांगायला हवं होतं, पण मी तिथला एक दगड जरासा...

"वैजू, बदकं मोजलीस का गं?"