हाकेची शिळा

जुन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे, मोडक्या बाकांच्या ढिगाआड एक बुटके दार आहे. त्यातून निघालेली पायवाट थेट डोंगरावर जाते. माथ्याच्या जरा अलीकडे एक काळी शिळा लागते. तिचे नाव हाकेची शिळा. बरोबरच्यांत वयाने जो सगळ्यांत मोठा, त्याने तिथेच थांबायचे आणि बाकीच्यांनी वर जायचे, असा रिवाज. परवा आलेल्या पाहुण्यांतल्या मेधा नावाच्या मुलीला त्याचे हसू आले. तेव्हा याच कॉलेजातून निवृत्त झालेल्या कुमुदबाईंनी शिळेला टेकून दम घेतला आणि गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वी इथे आपटीकर सर शिकवत. झाडापाल्याचे वेड एवढे, की म्हणे स्वतःच्या लग्नातही त्यांचे लक्ष मांडवाच्या डहाळ्यांकडेच होते. माथ्यावरची कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. मागचा बहर त्यांचा विषमज्वरात हुकला होता. म्हणून या खेपेला मुलांना घेऊन निघाले ते जवळजवळ पळतच. मागे कोण राहिले, हे बघायचे भान कुणाला!

शिळेपाशी पोचले आणि धुके उतरले. पाहतात तो इंदुमती नाही. वर्गातली ती एकुलती एक मुलगी, लुगडे सावरत सगळ्यांच्या मागून चालणारी. वाटेच्या दोन्ही अंगांना कडा. तिच्या वडिलांनी केवळ सरांच्या भरवशावर तिला कॉलेजात घातले होते. असे सांगतात, की त्यांनी शिळेवर उभे राहून डोंगरच्या देवीआईला हात जोडले. "पोर सुखरूप दे. या शिळेपुढे मी पाऊल टाकणार नाही." मग हाका मारू लागले. घसा बसला तरी थांबले नाहीत. त्या आवाजाच्या रोखाने चाचपडत इंदुमती वर आली.

धुके विरले. माथा समोरच होता.

"जा की सर, कोण बघतंय?" मुले म्हणाली.

"जिला शब्द दिला, ती बघतेय," म्हणत सर तिथेच बसले.

सात वर्षांनी इंदुमती त्याच कॉलेजात शिकवू लागली होती. तिने सरांना शिळेपर्यंत आणले आणि स्वतः वर गेली. "वर काय आहे गं?" सरांनी खालून विचारले. तिने वरून ओरडून सगळे सांगितले. निळ्याजांभळ्या उतारापासून फुलांवरच्या मधमाश्यांपर्यंत. एक पाकळीही न पाहता सर ढसाढसा रडले म्हणे. पुढे म्हातारपणी इंदुमतीबाईही सरांच्या जागी याच शिळेवर बसल्या. तेव्हा वर गेलेल्या पोरींत कुमुद होती. बाईंची ती हाक अजून तिच्या कानात आहे.

गोष्ट संपली. पाहुणे उठले, तशा कुमुदबाईही सवयीने उठल्या. यंदा कारवी फुलली होती, आणि आजवर शिळेवर बसायला त्यांच्याहून मोठे कोणी ना कोणी असे. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिले. वर जायची फार इच्छा होती. पण त्या परत शिळेवर बसल्या.

आजही त्या माथ्यावरून काय पाहिले ते न सांगता कोणी उतरत नाही. थोड्या वेळाने बाईंनी हाक दिली, "वर काय आहे गं?"

वरून मेधाचा आवाज आला, "बाई, थांबा हं. आधी डोळे पुसते, मग सगळं सांगते."