खालच्या बटणाची दमछाक

डेअऱ्यांत नुकते संगणक आले होते, तेव्हाची गोष्ट. दुधाच्या टाकीवर तळहाताएवढा संगणक होता. त्याच्या इवल्या पडद्याखाली वर आणि खाली नेणारी दोन बटणं. यादीत बारा कामं, आणि रोजची 'धुलाई' सगळ्यात शेवटी! खालचं बटण रोज अकरा वेळा दाबलं जाई.

"माझी स्प्रिंग गेली रे, आता फेकून देतील मला," ते कण्हलं.

"भारीच नाजूक बाबा तू!" वरचं बटण म्हणालं.

यादी लिहिणाऱ्या प्रमिलाताई मोठ्या हुशार. एकदा गडी रजेवर गेला आणि धुलाई त्यांच्यावर आली. बोट दुखताच त्यांनी यादी बदलली: पहिल्या कामावरून वर दाबलं, की थेट शेवटचं.

दुसऱ्या दिवशी वरचं बटण एकदा दाबलं गेलं.

"जीव गेला माझा! सगळा भार माझ्यावरच?"

खालच्या बटणाला हसायचं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.