भांडे इकडे, झाकण तिकडे

आडगव्हाणच्या तांबट आळीत तुम्ही हंडा घ्यायला गेलात, तर तुम्हाला फक्त हंडाच मिळेल. त्याचे झाकण मिळणार नाही. झाकणासाठी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जावे लागते. आळीतल्या बाकीच्या दुकानांचेही असेच आहे. बाजेची चौकट एकीकडे मिळते आणि ती विणायचा सुंभ दुसरीकडे. जाते घेतले, तर त्याचा खुंटा तीन दुकाने सोडून. नवा माणूस आधी वैतागतो, मग हसतो, आणि हसत हसत सगळी आळी फिरतो.

हमरस्त्याला मोठी दुकाने झाल्यापासून आळीत माणूस दिसेनासा झाला होता. म्हणून आळीकरांनी मिळून पाहुण्यांसाठी रविवारची फेरी सुरू केली. कोणी भिंती रंगवल्या, कोणी चहा ठेवला. ही फेरी जनार्दनकाका करडे यांच्या दुकानापाशी थांबते. काका झाकणे विकतात, दुसरे काही नाही. पाहुण्यांना ते बाकावर बसवतात आणि असे का, ते सांगतात. त्यांच्या बोलण्यात ‘म्हणे’ फार येते, पण आवाजात शंका नसते.

पूर्वी या आळीत म्हणे चाळीस हातोडे चालत. त्या आवाजात मुले झोपत आणि आवाज थांबला की जागी होत. मग नदीवर खालच्या अंगाला पूल झाला. गाड्या तिकडून जाऊ लागल्या, त्यांच्यामागे आठवड्याचा बाजारही पलीकडच्या काठावर गेला. तांबटांनी एकामागून एक ऐरणी उचलल्या. शेवटी पाच दुकाने उरली. त्यातली दोन समोरासमोर होती, एक केरबाचे आणि एक महिपतीचे.

दोघे एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलेले. महिपतीचे मठारकाम, म्हणजे भांड्यावर एकसारखे ठोके उमटवण्याचे काम, असे होते की अंगावरून बोट फिरवले तर पाण्यावरून फिरवल्यासारखे वाटावे. केरबाला ते सहन होत नसे. एका लग्नात पाणी भरायला महिपतीची घागर होती. केरबाने सहज तिच्यावरून बोट फिरवले आणि तो न जेवता पंगतीतून उठला. सात वर्षे तो महिपतीशी बोलला नव्हता. भांडण काहीच झाले नव्हते. तो नुसता आपल्या ऐरणीवर बसून समोर बघत असे. कोण आले, काय घेतले, जाताना हसत गेले की नाही.

त्याची बायको चिमाबाई म्हणे, “अहो, भांडी घासून झिजतात. समोरचं दुकान मात्र तुमच्या डोळ्यांनीच झिजायचं.”

त्या वर्षी चैत्रात जोगाईच्या देवळात पाचही घरे जमली. यंदा जत्रा आळीत आणायची, असे ठरले. जत्रा आली तर बाजार मागे फिरेल. नाही आली, तर उरलेल्या पाच ऐरणीही पुलापलीकडे न्यायच्या आणि आळीला कुलूप लावायचे. जत्रेत देवीच्या घुगऱ्या शिजतात. त्या शिजवायला कोणी कधी पाहिला नसेल एवढा हंडा करायचा, म्हणजे तो बघायला तरी लोक येतील. तांबे विकत घ्यायची ऐपत नव्हती. घराघरातून जुनी भांडी आली. एका बाईने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली कळशी आणून दिली.

सर्वांत वडील सदबा पोटफोडे यांनी कामे वाटली. हंडा महिपती करील, झाकण केरबा करील.

केरबा घरी आला तो तोंड पाडूनच. चिमाबाईने विचारले तेव्हा म्हणाला, “हंड्याला लोक हात जोडतील. झाकणाला कोण विचारतो? काढलं की ठेवलं बाजूला.”

“मग असं करा,” ती म्हणाली, “की ते काढताच येणार नाही.”

तिने ते थट्टेत म्हटले होते. केरबाच्या मनात ते जाऊन बसले.

झाकण करायचे तर हंड्याच्या तोंडाचे माप हवे. ते मागायला समोर जायचे, म्हणजे सात वर्षांनी पहिला शब्द आपण बोलायचा. केरबा गेला नाही. एका सकाळी महिपती नदीवर अंघोळीला गेला, तेव्हा केरबाने रस्ता ओलांडून हंड्याच्या तोंडाला सूत गुंडाळले, माप घेतले आणि परतला.

महिपती आला. हंड्याच्या काठावर सुताचा पांढरा धागा अडकलेला त्याला दिसला. तो हसून सोडून देऊ शकला असता. पण समोर बघत बसणारा केरबा एकटाच नव्हता, एवढेच की महिपती मान खाली घालून बघत असे. केरबाच्या सांध्यातून पाण्याचा थेंब गळत नसे. महिपतीच्या सांध्यांना दर दोन वर्षांनी गळती बुजवायला डाग द्यावा लागे, हे गिऱ्हाइकाला माहीत नव्हते, पण त्याला होते. त्याने हातोडी घेतली आणि हंड्याचे तोंड जवाच्या दाण्याइतके बाहेर काढले. चारचौघांत झाकण बसू नये, एवढीच त्याची इच्छा.

जत्रेच्या दिवशी माणसे आली. पूल ओलांडून, बैलगाड्या जोडून, पोरे खांद्यावर घेऊन आली. हंडा चुलवणावर चढला. त्यात दोन माणसे उभी राहतील एवढा तो मोठा होता. हुलगे पडले, पाणी पडले. केरबाने झाकण आणले आणि काठाला लावताच त्याला कळले. सूत खोटे बोलत नाही. तोंड वाढवलेले होते. त्याने मान वर केली. समोर महिपती उभा होता आणि आज पहिल्यांदा तो सरळ डोळ्यांत बघत होता.

“बसत नाही,” हे दोन शब्द केरबाला म्हणता आले असते. त्याने लाकडी मोगरी उचलली आणि झाकण ठोकून ठोकून बसवले. काठ असे मिळाले की त्यांच्यातून केसही जाऊ नये. लोकांनी वाहवा केली.

घुगऱ्या शिजल्या तसा हंडा घुमू लागला. वाफेला बाहेर यायला वाटच नव्हती. चुलवणाजवळची माणसे मागे सरली. सदबांनी घाईने जाळ ओढायला लावला. हंडा निवला तेव्हा सहा जणांनी झाकणाच्या कड्याला वासा घालून जोर लावला. झाकण हलले नाही. निवल्यावर ते आणखी आवळले होते.

गुरव म्हणाला, देवी रुसली. कोणी म्हणाले, झाकण कापा. कोणी म्हणाले, हंडा कापा. पण घराघरातल्या तांब्यावर छिन्नी चालवायला कोणी पुढे होईना. ऊन डोक्यावर आले. पोरे भुकेने रडू लागली. पहिली बैलगाडी जुंपली गेली आणि पुलाकडे वळली. तिच्यामागे दुसरी वळली. ज्या बाईने मुलीची कळशी दिली होती, ती देवळाच्या पायरीवर बसून त्या गाड्यांकडे बघत होती.

केरबाला उपाय ठाऊक होता. वस्तादाने दोघांना एकाच दिवशी शिकवला होता. आवळलेला सांधा एका हाताने सुटत नाही. एकाने वरून झाकणाचा काठ ठोकायचा, त्याच ठिकाणी दुसऱ्याने खालून भांड्याचा गळा ठोकायचा, आळीपाळीने, आणि दोघांनी मिळून गोल फिरायचे. वरचा हात केरबाचा होता. खालच्या ठोक्याचा नेम चुकला तर हंडा चेपेल. इतका नेमका हात आळीत एकाचाच होता.

तिसरी गाडी वळली तेव्हा केरबा बोलला. “महिपत, खालून तू मार.”

महिपती पुढे झाला. “सूत तू लावलंस, तोंड मी वाढवलं,” तो एवढेच म्हणाला आणि त्याने हातोडी उचलली.

एक वर, एक खाली. हंड्याभोवती दोघे फिरू लागले. किती वर्षांनी आळीत दोन हातोडे एका तालात वाजत होते. तो आवाज पुलापर्यंत गेला आणि गाड्या थांबल्या, असे सांगतात. तिसऱ्या फेऱ्याला हंड्याने मोठा सुस्कारा टाकला, झाकण आपोआप वर आले आणि घुगऱ्यांचा वास सगळ्या आळीभर पसरला. गाडीवाल्यांनी बैल मागे वळवले.

इथे पाहुण्यांना वाटते की दोघांनी मिठी मारली असेल. काका मान हलवतात. तसे काही झाले नाही.

जेवून झाल्यावर पलीकडच्या काठावरची एक बाई महिपतीच्या दुकानी गेली. अशी वाफ धरणारे भांडे घरी असेल तर सरपण वाचेल, म्हणून तिला धाकटा हंडा हवा होता, झाकणासकट. महिपती म्हणाला, हंडा देतो, झाकण समोर. आपण झाकण करायचे आणि लोकांनी म्हणायचे, केरबासारखे नाही, हे त्याला नको होते. बाई रस्ता ओलांडून आली. केरबानेही त्या दिवसापासून हंडा करणे सोडले. दुसऱ्याच्या मठाराशी आपला मठार कोणी ताडून पाहावा, याची त्याला धास्ती होती.

त्या एका हंड्यासाठी बाईला आळी दोनदा ओलांडावी लागली. येता-जाता तिने जत्रेच्या पालांवरून सुंभ घेतला आणि चाळण घेतली. सदबा पायरीवरून हे बघत होते. संध्याकाळी त्यांनी सर्वांना देवीपुढे बसवले आणि शपथ घातली, की या आळीत कोणी पुरी वस्तू विकायची नाही. वर्षाच्या आत बंद दुकानांच्या फळ्या निघू लागल्या.

केरबा आणि महिपती पुढेही बोलले नाहीत. बावीस वर्षांनी महिपती गेला. त्याचे दुकान तेरा दिवस बंद राहिले. लोक केरबाला म्हणू लागले, आता कोणाची अडचण, हंडे तूच कर, सगळी आळी तुझी. त्या तेरा दिवसांत त्याने एकही झाकण पुरे केले नव्हते. चौदाव्या दिवशी तो रस्ता ओलांडून महिपतीच्या दारात गेला. महिपतीची बायको गोदाबाई आत भांडी आवरत होती. नवऱ्याशेजारी बसून तीही मठार मारायला शिकली होती, हे केरबाने आपल्या जागेवरून कधीच बघून ठेवले होते.

“वहिनी, दुकान उघडा,” तो म्हणाला. “समोर बघायला कोणी नसलं, तर माझा हात चालत नाही.”

गोदाबाईने त्याच दिवशी फळ्या काढल्या. तिच्या हंड्यांनाही पुढे नाव झाले, आणि केरबा पुन्हा जेवण अर्धे टाकून उठू लागला, असे म्हणतात.

ते दुकान आजही त्या घरच्या बायकाच चालवतात. काका गोष्ट सांगतात ती त्याच दुकानाकडे तोंड करून. तिथून एखादा पाहुणा हंडा काखेत मारून, झाकण न घेताच गाडीकडे निघाला, तर काकांचा आवाज अडखळतो. ते बाकावरच्या पाहुण्यांना तसेच सोडून उठतात, चपला घालतात आणि त्याच्यामागे जातात.