पहिला टोल

फार पूर्वी नदीच्या एका काठावर घंटा ओतणाऱ्या शेठचा मोठा कारखाना होता आणि पलीकडच्या काठावर एका लोहाराची लहानशी भट्टी. घंटा शेठने ओतायची, तिच्या पोटातला लोखंडी लोलक लोहाराने घडवायचा. घंटा तयार झाली की दोघांनी एकच दोरी धरून पहिला टोल द्यायचा, अशी तिथली रीत होती.

पुढे लोहार वारला. लोहारणीने भट्टी विझू दिली नाही, पण पहिल्या टोलाला जायला तिचं पाऊल उचललं नाही. शेठनेही बोलावणं धाडलं नाही. लोलकाचा लाकडी नमुना होडीतून यायचा, घडवलेला लोलक होडीतून जायचा.

एकदा नदीच्या घाटासाठी घंटा करायची ठरली. दाट धुक्यात तिच्या आवाजावर होड्या काठाला लागणार होत्या. लोलक न्यायला आलेला नावाडी हसत म्हणाला, "अक्का, या खेपेची घंटा दोघांनीच उचलली की! शेठची माणसं बाळसं धरू लागलीत, का घंटेनंच उपास धरलाय?"

लोहारीण थबकली. घंटा हलकी, म्हणजे कड पातळ. नमुना मात्र जुनाच आलेला. एवढा जड लोलक त्या घंटेला सोसणार नव्हता.

गप्प बसली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. बोलली आणि शेठला राग आला, तर भट्टीचं काम जाणार. तिने नावाड्याकडे पाहिलं. धुक्यात त्याचीच होडी असणार होती.

"थांब, मीही येते," ती म्हणाली.

कारखान्यात पोचताच तिने लोलक जड पडेल असं सांगितलं. "नमुन्याबरहुकूम केलंय ना? मग झालं तर!" शेठ म्हणाला.

"केलंय. पण घंटा बदललीय, शेठ. आधी इथंच वाजवून बघा."

शेठने चिडून घंटेत लोलक अडकवायला लावला आणि दोरी ओढली. सुरुवातीचे टोल खणखणीत गेले. मग आवाज एकदम बसला. घंटेच्या कडेला चीर गेली होती.

शेठने दोरी सोडली आणि चिरेवरून बोट फिरवलं.

"नमुना बदलायचा राहिला," शेठ हळूच म्हणाला. "तुम्ही समोर असता तर मी विचारलं असतं. पण ते गेल्यावर तुम्हाला बोलवायला जीभ रेटेना, वहिनी."

"मला वाटलं, तुम्हाला आता आमची गरज नाही. मीही विचारलं नाही."

घंटा पुन्हा ओतली. या वेळी लोहारणीने तिची कड हाताने चाचपून पाहिली आणि मगच लोलक घडवला. दाट धुकं पसरलेल्या एका सकाळी घाटावर दोघांनी एक दोरी धरली, टोल दिला.

नदीच्या मध्यातून हाक आली, "ऐकू येतंय, अक्का! आलोच!"

तात्पर्य: लहान आणि मोठे मिळून एक वस्तू घडवतात, तेव्हा नुसती मापं पोचून भागत नाही, माणसांनीही एकमेकांपर्यंत जावं लागतं.