वाकलेला डोंगर आणि खालचे गोटे

पांघरूण घेतलंत ना सगळ्यांनी? मग ऐका.

एकदा काय झालं, समुद्राच्या काठावर एक उंचच उंच डोंगर होता. डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं, आणि गावाच्या अगदी टोकाच्या घरात आवडी राहायची, आपल्या सासूबरोबर. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

त्या गावात एक भलतंच चाललं होतं, बरं का. सगळं गाव समुद्राकडे कलत होतं! ताटात आमटी वाढली की ती एकाच कडेला जाऊन बसायची. नारळ खाली ठेवला की गडगडत दाराबाहेर. मग भिंतींना तडे गेले. मग एका सकाळी आवडीचा गोठाच सुटला आणि धडाडधूम खाली गेला. गाय बाहेर चरत होती म्हणून वाचली.

लोक घाबरले. म्हणाले, "आता गाव सोडायचं." गाड्यांवर सामान चढायला लागलं. आत्याबाई मात्र खाटेवरून हलेनात. "मी नाही येणार. घर जाईल तिकडे मी जाईन."

त्यांना टाकून आवडी कशी जाणार? पण तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळत होती. कड्याखालून रोज एक आवाज यायचा. खळ्ळ... खळखळखळ... जसं कुणी बोलतंय.

"आत्याबाई, खाली काय आहे हो?"

"कुणास ठाऊक बाई! जन्म गेला इथे, पण खाली कधी कुणी उतरलं नाही."

"मी बघून येऊ?"

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पदर घट्ट खोच. आणि जे बघशील ते सगळं मला सांग. काही गाळायचं नाही."

मग आवडी उतरायला लागली. सरळ कडा! करवंदीच्या जाळीला धरून उतरली, मुळांना धरून उतरली, आणि शेवटी तर चक्क बसून घसरली. खाली बघते तर काय, वाळूचा कण नाही. सगळीकडे गोटेच गोटे! वाटाण्याएवढे, लिंबाएवढे, भोपळ्याएवढे. लाट आली की गप्प, लाट मागे फिरली की खळखळखळ. आवडीने वाकून कान दिला. तर गोटे हाका मारत होते! "बाबा, मी दिसतोय का? बाबा, जरा वाकून बघा ना!"

आणि वरचा डोंगर बिचारा वाकायचा. आणखी वाकायचा. त्याच्याच अंगावरून पडलेली पोरं होती ना ती!

"अरे, नका रे हाका मारू," आवडी म्हणाली. "तो वाकतोय आणि आमचं गाव पडतंय."

गोटे म्हणाले, "मग आमची खुशाली त्याला कोण सांगणार? तू आमच्यातल्या एकाला वर घेऊन जा."

"कुणाला नेऊ?"

"मला! मला! मला!" असा गलका झाला की विचारू नका.

आवडीने एक पांढराशुभ्र गोटा उचलला आणि चढायला लागली. पण तो पावलागणिक जड व्हायला लागला. अर्ध्या वाटेवर तिचा हातच भरून आला. मग गोटा हळूच म्हणाला, "मी डोंगराचा नाहीच. मी समुद्रातला. मला फक्त गाव कसं असतं ते बघायचं होतं."

आली परत खाली. मग तिने एक तांबडा गोटा घेतला. तोही जड झाला. तो म्हणाला, "मी लांबच्या देशातला. गलबतातून पडलो. वरून माझा देश दिसतो का, ते बघायचं होतं." आवडीला राग आला खरा, पण तिने त्याला दोन्ही हातांनी उंच धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र दाखवला, आणि मगच खाली नेला.

तिसऱ्यांदा तिने नीट पाहिलं. एका कोपऱ्यात एक काळा दगड गप्प पडला होता. अजून गोल झाला नव्हता, कडा टोचत होत्या.

"तू का नाही ओरडलास रे?"

"मी नवा आहे. गोठ्याबरोबर पडलो. मला बाबांची आठवण येते."

आवडीने त्याला पदरात घेतला. आणि काय सांगू, तो हलका होत गेला! पिसासारखा! तीच धापा टाकत होती, तो मात्र उड्या मारत होता. माथ्यावर पोचल्यावर तिने त्याला डोंगराच्या छातीशी ठेवला.

तो म्हणाला, "बाबा, खाली सगळे बरे आहेत. लाटा घासतात ना, तेव्हा दुखत नाही. गुदगुल्या होतात."

डोंगराने हाऽऽऽ करून श्वास सोडला, आणि हळूहळू सरळ झाला. गाड्यांवरचं सामान खाली उतरलं.

"आता इथेच राहतोस का, बाळा?" डोंगराने विचारलं.

दगडाने खाली लाटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको, बाबा. एक लाट मला गोष्ट सांगत होती. ती अर्धीच राहिलीय."

आवडीने त्याला परत पदरात घेतला. तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला, "थांब गं. मीही येते." त्यांनी नऊवारीचा काचा मारला होता, हातात काठी होती.

मग सून पुढे, सासू मागे, अशा दोघी बसत-उठत खाली उतरल्या. जन्मभर जो आवाज नुसता ऐकला, त्याच्या मधोमध आत्याबाई जाऊन बसल्या. पाण्यात पाय सोडले. लाट आली, पावलांवरून गेली, आणि सगळे गोटे एकदम बोलायला लागले.

"अगं बाई," आत्याबाई हसत म्हणाल्या, "हे तर मलाच विचारतायत, इतके दिवस का नाही आलीस म्हणून!"

तर अशी ती सगळी सुखाने राहिली, डोंगर वर आणि पोरं खाली. आता कूस बदला आणि डोळे मिटा बघू. खळ्ळ... खळखळखळ...