नळी उसळली तेव्हा

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा दूरचं जवळ दाखवणारी काचेची नळी एखाद्या राजाकडेच असायची.

जंगलाच्या कडेला एक गाव होतं. तिथे एक बिबट्या सोकावला होता. आधी शेळ्या नेल्या, मग एका अंगणातून पोर ओढलं. पोर वाचलं, पण गाव हादरलं. लोकांनी गाड्या भरल्या. आज बिबट्या मारला गेला नाही, तर उद्या गाव उठणार होतं. म्हातारी माणसं उंबऱ्यावर बसून रडत होती.

गावच्या शिकाऱ्याला राजाने नेम धरायला आपली ती नळी पाठवली. सोबत ती बंदुकीवर धरून ठेवणारी दोन लोखंडी कडी आणि आवळायचे पेच होते. शिकाऱ्याने बंदूक रिकामी केली आणि ओसरीवरच कामाला बसला.

त्याची बायको शेजारी येऊन बसली. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागायचं. नवरा त्याला कंटाळायचा, पण तिचा काही इलाज नव्हता.

शिकाऱ्याने पुढचं कडं जोर लावून आवळलं. मागच्या कड्यात नळी काही केल्या बसेना. त्याने ती अंगठ्याने दाबली आणि पेच पिळले.

"अहो, एवढं रेटावं का लागतंय?" बायकोने विचारलं.

"पक्कं व्हायला! मी आवळलेलं आजवर सुटलंय का कधी?"

मग त्याने बार भरून भिंतीवरच्या गोवरीवर नेम धरला. गोळी उजवीकडे गेली. दुसरी डावीकडे गेली. शिकाऱ्याचं डोकं फिरलं. त्याने बंदूक पुन्हा रिकामी केली आणि पेच आणखी आवळू लागला. काच करकरली.

"थांबा हो! मला एकच बघायचंय. मागचं कडं सैल केलं, तर नळी काय करते?"

"काय करणार? गप्प पडून राहील!"

"मग करा की सैल."

तिचं तोंड बंद करायला म्हणून त्याने पेच सोडले. नळी टुणकन वर उसळली. दोघंही बघतच राहिली.

शिकारी ओशाळला. "अगं, ही बसलीच नव्हती. मी तिला दाबून ठेवली होती."

"पण का बसली नसेल?" बायको आता पुरती रंगात आली.

दोघांनी कडी काढली. पुढच्या कड्याखाली बंदुकीवर जुन्या तेलाचा वाळलेला थर सापडला. त्याने ते कडं वर उचललं गेलं होतं. तो खरवडला. मग कडी परत लावून दोन्हींतून एक सरळ सळई घालून पाहिली. ती अलगद फिरली, म्हणजे कडी आता एका रेषेत होती. तेव्हाच नळी ठेवली. बरणीवर फडकं बांधताना आपण सगळीकडून थोडं थोडं ओढतो ना, तसे त्याने सगळे पेच आळीपाळीने थोडे थोडे आवळले. या वेळी गोळी गोवरीच्या मधोमध लागली, आणि दुसरीही तिथेच.

तिन्हीसांजेला बिबट्या आला. कुंपणाशी दबून बसला. शिकाऱ्याने श्वास रोखून एकच बार काढला. बिबट्या जागीच कोसळला.

गावकऱ्यांनी गाड्या रिकाम्या केल्या आणि घराघरांत चुली पेटल्या. जो तो शिकाऱ्याच्या नेमाची वाहवा करू लागला. सगळ्यांना थांबवून तो बायकोकडे बोट दाखवत म्हणाला, "माझ्या नेमाने आज गाव उठवलंच होतं. ते वाचवलं हिच्या प्रश्नाने."

तात्पर्य : जे मुळात नीट बसलेलं नाही, ते आवळून पक्कं होत नाही.