कोठारातला जावई

जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांना पुढे बसवून मागे डुलक्या काढणाऱ्या मोठ्या मंडळींनो, तुम्हीही ऐका, कारण गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

त्या राज्यात तेलाचा एक मोठा कारखाना होता. राजवाड्यापासून वेशीपर्यंतचे सगळे दिवे त्याच्याच तेलावर जळायचे. लांबलचक छपराखाली ओळीनं घाणे फिरत. एका अंगाला तेल कढवायची भट्टी होती आणि भट्टीला लागून दगडी कोठार. कोठारात छातीएवढे उंच रांजण, त्यांच्यामागे आणखी रांजण, आणि त्यांच्याही मागे नुसता काळोख.

तेल आणि विस्तव शेजारी राहिले की कधी ना कधी भडका उडायचाच. एका वर्षी तसा उडाला आणि त्यात माणसं गेली. तेव्हा राजानं हुकूम काढला, की राज्यातल्या प्रत्येक कारखान्यात गड्यांना आग विझवायला आणि आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला शिकवलंच पाहिजे. या कामावर एक वस्ताद नेमले गेले.

वस्तादांनी उमेदीच्या काळात पुष्कळ माणसं आगीतून ओढून काढली होती. त्यांच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. आता वय झालं होतं आणि गुडघे कुरकुरत होते. तरी ते चुन्याच्या भट्ट्यांवर जात, लाखेच्या कारखान्यात जात, दारूगोळ्याच्या कोठारांवर जात. सगळीकडे तेच सांगायचं, तेच दाखवायचं, आणि समोर सगळीकडे तीच जांभया देणारी तोंडं. तेच ते बोलून माणूस किती थकतो, हे ज्यानं कधी कुणाला काही शिकवलंय त्यालाच कळेल.

तेलाच्या कारखान्यात ते अमावास्येला येत, कारण अमावास्येला घाणे बंद असत. बैलांना सुट्टी असे, गड्यांनाही असे. आणि गड्यांची तेवढी एक सुट्टी वस्ताद खाऊन टाकत. त्यामुळे ते वेशीपाशी दिसले, की सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे होत.

सुरुवातीला वस्तादांनी सगळं चोख शिकवलं. तेलाच्या आगीवर पाणी ओतायचं नाही. वाळू टाकायची, ओलं गोणपाट पांघरायचं. घंटा झाली की आधी बैल सोडायचे. मग ते कोठारात ओल्या पाल्याचा धूर करत आणि एका माणसाला सगळ्यात मागच्या रांजणाआड निजवत. त्याला शोधून बाहेर काढायचं, ही गड्यांची परीक्षा.

निजायला ते नेहमी मापाड्याला सांगत. हा मापाडी तेल मोजून देण्याचं काम करी. कारखान्यात त्याच्याइतका लठ्ठ दुसरा कुणी नव्हता, आणि त्याच्याइतका बडबड्याही नव्हता.

"याला काढाल तर कुणालाही काढाल," वस्ताद म्हणत. "उभे राहू नका, धूर वर असतो. रांगत जा. उचलायचा प्रयत्न करू नका, जमायचं नाही. उपरणं काखेखालून घाला आणि जमिनीलगत ओढत आणा."

गडी घामाघूम होत, खोकत, डोळे चोळत. मापाडी मात्र ओढला जाता जाता ओरडे, "अरे हळू, हळू! बायकोनं तूप घालून वाढवलंय हे शरीर. सांडू नका!"

असे काही महिने गेले. एका अमावास्येला कारखान्याचा मुकादम वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, तुमचं शिकवणं सोन्यासारखं आहे. पण या धुडाला ओढून माझ्या गड्यांच्या कमरा धरतात. दुसऱ्या दिवशी निम्मे घाणे बंद. माणसाऐवजी एखादं बुजगावणं करू या की. वाळू भरा त्यात, वजन तेवढंच राहील."

वस्तादांना ते फारसं पटलं नाही. पण गड्यांच्या कमरा खरोखरच धरल्या होत्या. ते बरं म्हणाले.

बुजगावणं झालं. त्याला जुना अंगरखा घातला, डोक्याला पागोटं बांधलं. स्वतः काही न करता सगळ्यांकडून उचलून घेतो, म्हणून गड्यांनी त्याचं नाव ठेवलं जावई. मापाडी म्हणाला, "घ्या! जावयानं सासऱ्यालाच घरातून काढलं. माझी सुखाची नोकरी गेली!" आणि सगळे पोट धरून हसले.

मग वाळू शिवणीतून सांडायला लागली. "पेंढा भरू या का?" मुकादमानं विचारलं. वस्ताद त्या दिवशी चुनाभट्टीवरून उन्हातून चालत आले होते. ते बरं म्हणाले.

मग धुरानं गड्यांचे डोळे सुजतात अशी तक्रार आली. धूर बंद झाला. मग मागच्या रांजणांपर्यंत जायचं तर वाटेतली डबडी, फडकी सगळं हलवावं लागतं, असं निघालं. जावई दाराच्या मागेच ठेवायचं ठरलं. मग दर वेळी त्याला माळ्यावरून काढा आणि परत ठेवा, हा व्याप तरी कशाला? तो महिनाभर तिथेच बसून राहू लागला.

दर वेळी वस्ताद बरं म्हणाले. त्यांना काही कळत नव्हतं असं नाही. ते लबाडही नव्हते, आळशीही नव्हते. ते थकले होते, एवढंच. 'नाही' म्हटलं की वाद घालावा लागतो, समजावावं लागतं, चार जणांचा राग घ्यावा लागतो. 'बरं' म्हटलं की झाडाखाली टेकता येतं. मला त्यांचा राग येत नाही. त्यांची कीव येते, आणि थोडी आपलीही.

आता सराव म्हणजे मोठी गंमतच झाली. घंटा वाजली की दोन गडी दारातून आत शिरत आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जावयाला खांद्यावर घेऊन बाहेर येत. बाहेर त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत. बायका त्याला ओवाळत. मापाड्याची बायको सगळ्यात पुढे असे. ती त्याच्या पेंढ्याच्या तोंडाला गुळाचा खडा लावी, आणि हशा पिके. राजाचा कारभारी एकदा पाहायला आला. इतक्या झटपट माणूस बाहेर आलेला त्यानं कुठंच पाहिला नव्हता. त्यानं वस्तादांना शेला दिला.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर मापाडी वस्तादांजवळ येऊन बसला. "वस्ताद," तो म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता, "मी रोज त्या मागच्या रांजणांपाशी असतो. खरंच कधी धूर झाला, तर मला काढतील ना हे?"

वस्ताद शेला घडी करत होते. ते म्हणाले, "काढतील रे. शिकवलंय ना सगळं."

"तसं नव्हे, मला ओढून फार दिवस झाले, म्हणून म्हटलं."

"पुढच्या अमावास्येला बघू," वस्ताद म्हणाले. आणि पुढच्या अमावास्येला त्यांना ताप होता.

त्यानंतरच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी वस्ताद कारखान्यात पोचले. भर दुपार होती. ते झाडाखाली पाय पसरून बसले होते, कुणीतरी दिलेलं पाणी पीत होते. तेवढ्यात भट्टीवरची कढई उतू गेली. तेल विस्तवात पडलं, भडका उडाला आणि शेजारच्या गोणपाटांच्या ढिगानं पेट घेतला. वारा कोठाराच्या दिशेचा होता. बघता बघता कोठाराचं दार काळ्या धुरानं बुजून गेलं.

घंटा झाली. गडी धावले, आणि खरं सांगायचं तर छान धावले. कुणी पाण्याच्या घागरीला हात लावला नाही. बैल सुटले. वाळू पडू लागली, ओली गोणपाटं पडू लागली. जे नीट शिकले होते ते त्यांनी नीट केलं.

"मापाडी आत आहे!" मुकादम ओरडला.

दोन गडी दारातून आत घुसले. धुरात काही दिसत नव्हतं. दारामागे हाताला अंगरखा लागला, पागोटं लागलं. "सापडला!" म्हणत त्यांनी खांद्यावर घेतलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते बाहेर आले. लोकांनी एकच आरोळी ठोकली. एकानं सवयीनं तोंडावर पाणी शिंपडलं.

मापाड्याची बायको धावत आली आणि गुडघ्यांवर बसली. तिनं पागोटं बाजूला केलं. आत पेंढा होता.

"हे काय आणलंत?" ती म्हणाली. ती ओरडली नाही, अगदी हळू म्हणाली. "माझा माणूस कुठाय?"

त्या दोन गड्यांचे चेहरे तेव्हा ज्यांनी पाहिले, ते म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. दोघे पुन्हा आत पळाले. पण दाराच्या पुढची वाट त्यांच्या पायांना माहीतच नव्हती. ते डबड्यांना अडखळले, रांजणांवर आदळले. मागच्या काळोखात मापाडी पडलेला त्यांना सापडला, तेव्हा त्यांनी जावयाला उचलत तसं त्याला उचलायला घेतलं. एकानं हात धरले, एकानं पाय. तो हलेना. उभ्या उभ्या धूर छातीत गेला, आणि दोघे खोकत, रडत, मोकळ्या हातांनी बाहेर आले.

"फार जड आहे हो वस्ताद!" एवढंच त्यांना बोलता आलं.

वस्ताद उठले होते. त्यांनी उपरणं घागरीत बुचकळलं. "या माझ्यामागे," ते म्हणाले. "आता मी सांगतो तेवढंच करा. छाती जमिनीला लावा." आणि ते कुरकुरत्या गुडघ्यांवर रांगत आत गेले. तिघांनी मिळून उपरणं मापाड्याच्या काखेखालून घातलं आणि त्याला वीत वीत करत दारापर्यंत ओढलं. वस्ताद मधेच थांबत, दम घेत, पुन्हा ओढत. अखेर चौघेही बाहेर आले.

मापाडी जगला. पण इतका वेळ छातीत गेलेला धूर काही बाहेर आला नाही. त्याचा आवाज गेला. दोन शब्द बोलला की खोकल्याची उबळ येई आणि बायकोला पाठ चोळत बसावं लागे. घाण्यांच्या कुरकुरीतही ऐकू येणारं त्याचं बोलणं बंद झालं, आणि कारखाना एवढा मोठा असून सुना वाटू लागला.

कारभारी चौकशीला आला. चूक कुणाची, त्यानं विचारलं. गडी खाली मान घालून म्हणाले, "आम्हाला शिकवलं तसंच आम्ही केलं, सरकार."

सगळ्यांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद म्हणाले, "खरं आहे त्यांचं. त्यांनी अगदी तसंच केलं." आणि त्यांनी शेला कारभाऱ्याच्या हातात परत दिला.

संध्याकाळी ते मापाड्याच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. बायकोनं पाट दिला. मग मापाड्यानं श्वास गोळा केला आणि तुटत तुटत विचारलं, "वस्ताद... फारच... जड होतो का... मी?"

वस्तादांना रडू फुटलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. "नाही रे," ते म्हणाले. "तू होतास तेवढाच होतास. आम्ही पेंढा उचलायला शिकलो होतो."

मापाडी थोडा हसला. मग त्याला खोकला आला.

पुढच्या पंधरवड्यात वस्ताद डोंगराजवळच्या चुनाभट्टीवर गेले. जायचं त्यांच्या मनात नव्हतं, पायांत बळही नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. तिथला मुकादम हात जोडून म्हणाला, "वस्ताद, गडी दमलेत, तुम्हीही दमलाय. आज माणसाऐवजी रिकामी गोणी ओढली तर चालेल ना?"

वस्ताद तेवढेच थकलेले होते. गुडघे तेवढेच दुखत होते. समोर झाड होतं, झाडाखाली सावली होती.

"नाही," ते म्हणाले.

वाद झाला. गडी रागावले, मुकादम फुरंगटला. भट्टीमागच्या अंधाऱ्या खोलीत निजायला कुणी तयार होईना. तेव्हा वस्तादांनी ओला पाला पेटवायला लावला, स्वतःच उपरणं काढून गड्यांच्या हातात दिलं आणि स्वतःच आत जाऊन सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात आडवे झाले. निदान पाठ तरी टेकायला मिळाली, असं त्यांच्या मनात आलं.

गड्यांना फार वेळ लागला. ते चुकले, आदळले, दोनदा अर्ध्या वाटेवरून परत गेले. वस्ताद धुरात डोळे मिटून पडून राहिले, आणि ते येईपर्यंत त्यांनी एकदाही हाक मारली नाही.

तात्पर्य: थकव्यापोटी सरावातून आपण जे वगळतो, ते संकटाच्या वेळी कुणाच्या तरी आयुष्यातून वगळलं जातं.